हिट गाण्यांच्या तबकडीवरची सहा पडेल गाणी

रॉक संगीताविषयी गांभीर्याने बोलणाऱ्या मंडळींत एक अलिखित शिष्टाचार पाळला जातो. आवडत्या अल्बमांची यादी करायला सांगितली, तर तिच्यात कुठल्याही बँडचा 'ग्रेटेस्ट हिट्स' घालायचा नाही. घातलात तर तुम्ही हौशे-नवशे. अल्बम म्हणजे कलावंताने ठरवलेल्या क्रमाने ऐकायची सलग कृती आणि हिट गाण्यांचं संकलन म्हणजे कंपनीच्या विक्री विभागाने नाताळाच्या तोंडावर उरकलेला व्यवहार, अशी ही समजूत आहे. १९६७ साली बीटल्सचा 'सार्जंट पेपर' आला आणि तिने मूळ धरलं. पुढे लेड झेपेलिनने ब्रिटनमध्ये सुटी गाणी विकायलाच नकार दिला, तेव्हा तर ती श्रद्धाच झाली.

पिंक फ्लॉइडच्या श्रोत्याने हा शिष्टाचार पाळला तर माझी हरकत नाही. 'द डार्क साइड ऑफ द मून'मधली दोन गाणी उचलून दुसरीकडे ठेवली की ती पोरकी होतात. पण तीच मोजपट्टी ग्लॅम रॉकला लावली की घोळ होतो, आणि हा घोळ पन्नास वर्षं बिनबोभाट चालू आहे. ग्लॅम रॉकपुरतं तरी हिट गाण्यांचं संकलन हीच मूळ कृती असते आणि अल्बम हा जोडधंदा, असं माझं म्हणणं आहे. साक्षीदार म्हणून मी स्लेड या बँडची 'स्लेडेस्ट' ही लाँगप्ले पुढे करतो. पॉलिडॉर कंपनीने ती सप्टेंबर १९७३मध्ये बाजारात आणली आणि ती ब्रिटनच्या अल्बमांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली.

आधी ग्लॅमविषयी थोडं. १९७१च्या वसंतात टी. रेक्सचा मार्क बोलन डोळ्यांखाली चमकी लावून बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स'मध्ये गायला उभा राहिला आणि तिथून हे प्रकरण सुरू झालं, असं साधारणपणे मानतात. बीबीसीची मुख्य वाहिनी रंगीत होऊन तेव्हा दीड वर्ष उलटलं नव्हतं. चंदेरी कापड, उंच टाचांचे बूट, आरसे लावलेली टोपी हा सगळा थाट त्या तीन मिनिटांसाठी होता. गुरुवारी संध्याकाळी तीन मिनिटं दिसायचं, शनिवारी पोरांनी दुकानात जाऊन सात इंची तबकडी आणायची, पुढच्या आठवड्यात गाणं यादीत वर चढायचं. पोरांच्या खिशाला हीच तबकडी परवडायची, कारण एका लाँगप्लेच्या किमतीत चार सिंगल येत. विद्यापीठातली मुलं लाँगप्ले घ्यायची आणि कारखान्याच्या वस्तीतली पोरं सिंगल. समीक्षक पहिल्या गटातून येत असल्याने कोणती वस्तू कला आणि कोणती माल हे त्यांनीच ठरवलं. या वर्गभेदाचा उच्चार अल्बमच्या कैवाऱ्यांकडून क्वचितच होतो.

त्यात ब्रिटनमध्ये आणखी एक रीत होती. गाजलेलं सिंगल लाँगप्लेत पुन्हा घालायचं नाही. एकदा विकत घेतलेलं गाणं गिऱ्हाइकाच्या गळ्यात दुसऱ्यांदा बांधणं हे अप्रामाणिक समजलं जाई. रीत मोठी सभ्य होती, पण तिचा परिणाम चमत्कारिक झाला. ज्या बँडची सगळी ताकद सिंगलमध्ये होती, त्याची उत्तम गाणी त्याच्या कुठल्याच अल्बममध्ये सापडत नाहीत. 'स्लेडेस्ट'वर आठ हिट गाणी आहेत. त्यांतली 'मामा वीअर ऑल क्रेझी नाउ' आणि 'गुडबाय टी जेन' ही दोनच 'स्लेड?' या १९७२च्या लाँगप्लेत होती (तिचं नाव बँडच्या नावासारखं ऐकू येतं, प्रत्यक्षात इंग्रजीत 'मारलं गेलेलं' असा श्लेष आहे). उरलेली सहा त्या रूपात सात इंची तबकड्यांवरच होती. 'कम ऑन फील द नॉइझ'सारखं गाणं, जे मार्च १९७३मध्ये पहिल्याच आठवड्यात थेट क्रमांक एकवर उतरलं आणि तसं करणारं १९६९च्या बीटल्सच्या 'गेट बॅक'नंतरचं पहिलं सिंगल ठरलं, तेही ब्रिटनमध्ये तोवर कुठल्याच लाँगप्लेवर नव्हतं. मग 'अल्बम हीच खरी कृती' म्हणणाऱ्याने स्लेडला कुठे शोधायचं?

हीच गत स्वीटची. निकी चिन आणि माइक चॅपमन ही गीतकारांची जोडी त्यांना गाणी पुरवायची. सुरुवातीच्या काही तबकड्यांवर तर वाद्यंही भाड्याने आणलेल्या वादकांनी वाजवली होती. पुढे स्वीटला प्रतिष्ठा हवीशी वाटली. १९७४ साली त्यांनी 'स्वीट फॅनी ॲडम्स' ही दणकट लाँगप्ले काढली आणि 'ब्लॉक बस्टर!', 'द बॉलरूम ब्लिट्झ' ही आधीची गाजलेली गाणी तिच्यापासून चार हात लांब ठेवली. लाँगप्ले चांगली आहे. पण लोकांच्या ओठांवर आजही जे आहे, ते तिच्यात नाही.

संकलन या प्रकाराची बदनामी अगदीच निराधार आहे असंही नाही. अमेरिकेत कोलंबिया कंपनीने १९५८मध्ये जॉनी मॅथिसची 'जॉनीज ग्रेटेस्ट हिट्स' काढली, ती बिलबोर्डच्या यादीत वर्षानुवर्षं बसून राहिली, आणि नव्याने ध्वनिमुद्रण न करताही पैसा मिळतो हे सगळ्या कंपन्यांना उमगलं. ग्लॅमच्या काळातलं ठळक उदाहरण बोलनचं. १९७२मध्ये तो फ्लाय रेकॉर्ड्स सोडून ईएमआयच्या छत्राखाली स्वतःच्या नाममुद्रेवर गेला, आणि फ्लायने आपल्याकडच्या जुन्या मालातून 'बोलन बूगी' हे संकलन बाहेर काढलं. तेही क्रमांक एक. त्याच वर्षी के-टेल कंपनीने टीव्हीवर जाहिरातींचा मारा करून वेगवेगळ्या गायकांची वीस-वीस गाणी एका तबकडीत कोंबून विकायला सुरुवात केली. एका बाजूला इतकी गाणी भरायची तर खोबणी बारीक कापावी लागते आणि आवाज किरटा येतो. के-टेलला त्याची फिकीर नव्हती. त्याच्याही आधी, १९७१मध्ये, भाडोत्री गायकांनी हिट गाण्यांची नक्कल केलेल्या स्वस्त लाँगप्ले ब्रिटनच्या अल्बम यादीत पहिल्या क्रमांकापर्यंत पोचल्या होत्या. शेवटी यादीवाल्यांनी नियम बदलून त्यांना बाहेर काढलं. या शेजारात 'स्लेडेस्ट' जन्मली, तेव्हा नाक मुरडणाऱ्यांना अगदीच दोष देता येत नाही.

तरीही तिच्या चौदा गाण्यांची यादी वाचली की पहिला प्रश्न पडतो तो हा: आठ हिट गाणी झाली, उरलेली सहा कोण? 'वन वे होटेल', 'पाउक हिल', 'द शेप ऑफ थिंग्ज टू कम', 'वाइल्ड विंड्स आर ब्लोइंग', 'नो हू यू आर' आणि 'लुक ॲट लास्ट नाइट'. शेवटचं 'स्लेड?'मधलं एक सामान्य गाणं. बाकीची पाच १९६९-७० सालची, आणि पाचही पडेल. त्यातली तीन सिंगल म्हणून बाजारात आली आणि कुणाच्या कानावर न पडता गेली. दोन 'प्ले इट लाउड' या १९७०च्या लाँगप्लेतली, आणि ती लाँगप्लेही चालली नव्हती. थोडक्यात, 'स्लेड' या नावाचं विशेषण करून त्याला इंग्रजी 'तम' प्रत्यय लावलेल्या या विजयपत्राचा जवळजवळ निम्मा भाग पराभवाने भरला आहे.

हे काही प्रामाणिकपणाचं व्रत नव्हतं. हिशेब साधा होता. बँडकडे तेव्हा आठच हिट होती आणि लाँगप्लेच्या दोन बाजू भरायच्या होत्या. शिवाय नव्या चाहत्यांपैकी फार थोड्यांकडे जुनी पडेल गाणी असणार, म्हणजे तोही नवाच माल. पण हेतू काहीही असो, त्यातून जी वस्तू तयार झाली ती हेतूपेक्षा मोठी आहे. ती का, हे समजायला त्या सहा गाण्यांच्या मागे जावं लागतं.

स्लेड बर्मिंगहॅमच्या वायव्येकडच्या ब्लॅक कंट्रीतले. कोळसा, लोखंड, कुलपं, चामड्याची खोगिरं यांचा हा प्रदेश. गायक नॉडी होल्डर वॉल्सॉलचा, बाकीचे वुल्व्हरहॅम्प्टन परिसरात वाढलेले: डेव्ह हिल गिटारवर, जिम ली बेसवर (आणि व्हायोलिनवर), डॉन पॉवेल ड्रमवर. वर्षानुवर्षं कामगार क्लबांतून आणि नाचगृहांतून वाजवत होते, आधी 'द एन बिट्वीन्स' म्हणून, मग 'ॲम्ब्रोज स्लेड' म्हणून. १९६९मध्ये 'बिगिनिंग्ज' ही त्यांची पहिली लाँगप्ले आली आणि गेली. तिच्या छायाचित्रासाठी त्यांना ऐन थंडीत वॉल्सॉलजवळच्या पाउक हिल या टेकडीवर उघड्या छातीने उभं केलं होतं. 'पाउक हिल' हे गाणं त्या कुडकुडण्याविषयी आहे. स्वतःच्या अयशस्वी लाँगप्लेच्या छायाचित्रणावर गाणं लिहिणारा, ते गाणंही अयशस्वी ठरलेला आणि तरी ते आपल्या हिट गाण्यांच्या संग्रहात घालणारा दुसरा बँड मला माहीत नाही.

त्याच सुमारास चॅस चँडलर त्यांचा व्यवस्थापक झाला. द ॲनिमल्सचा हा माजी बेसवादक, जिमी हेंड्रिक्सला अमेरिकेतून लंडनला आणणारा. चौघांकडे लोकांचं लक्ष जावं म्हणून त्यांना स्किनहेड करायचं ठरलं: केस भादरलेले, जाड बूट, पट्टेदार गॅलिस. 'वाइल्ड विंड्स' आणि 'द शेप ऑफ थिंग्ज टू कम' ही या अवतारातली गाणी. हा अवतार निरुपद्रवी नव्हता. स्किनहेड टोळ्या त्या वर्षांत भारतीय आणि पाकिस्तानी स्थलांतरितांना रस्त्यात गाठून मारत होत्या. इनॉक पॉवेल हा स्थलांतरितांविरुद्ध आग ओकणारा खासदार वुल्व्हरहॅम्प्टनमधूनच निवडून गेलेला होता, आणि त्याच गावात शीख बसचालकांना पगडी घालून कामावर येण्यासाठी १९६९पर्यंत झगडावं लागलं. बँडच्या मनात त्यातलं काही नव्हतं, त्यांच्यासाठी तो प्रसिद्धीचा पोशाख होता. पण पोशाखाची किंमत त्यांनाच मोजावी लागली. क्लबवाले मारामारीच्या भीतीने त्यांना बोलवायला कचरू लागले आणि टीव्हीवाले बिचकू लागले. केस पुन्हा वाढू लागले, चमकी आली, आणि १९७१च्या उन्हाळ्यात 'गेट डाउन अँड गेट विथ इट' सोळाव्या क्रमांकापर्यंत गेलं. लिटल रिचर्डने गायलेलं ते जुनं गाणं त्यांनी बुटांच्या ठेक्यावर उभं केलं होतं. स्किनहेडचे बूट असे उपयोगी पडले.

'स्लेडेस्ट' ऐकताना हे सगळे थर कानाला लागतात. गाणी कालक्रमाने लावलेली नाहीत. सुरुवात होते १९७३च्या 'कम ऑन फील द नॉइझ'ने, तीन गाणी पुढे जातो तर अचानक १९७०च्या 'वन वे होटेल'मध्ये येऊन पडतो. ते मंद, काहीसं उदास, पूर्ण वेगळ्या बँडचं वाटावं असं गाणं आहे. मग पुन्हा 'स्क्वीझ मी प्लीझ मी'चा गोंधळ आणि लगेच 'पाउक हिल'. अल्बमच्या व्याकरणाने बघायचं तर ही रचना मोडकी आहे. मला ती मोडकीच आवडते. कारण हिट गाणं कशापासून बनलं हे कळायला शेजारी न झालेलं हिट लागतं. 'द शेप ऑफ थिंग्ज टू कम' विसरलं गेलं ते योग्यच झालं. आवाज भरपूर आहे, पण ऐकणाऱ्याला शिरायला फट नाही. 'नो हू यू आर'मध्ये चाल बरी आहे, होल्डरचा गळा आहे, ड्रम आहेत, आणि तरी काहीतरी कमी आहे. त्यानंतर 'मामा वीअर ऑल क्रेझी नाउ' लावा. काय कमी होतं ते क्षणात समजतं. गर्दी.

जिम लीने हे कसं सुचलं ते सांगितलं आहे. १९७२मध्ये तो चक बेरीच्या कार्यक्रमाला गेला होता. बेरी मध्येच थांबायचा आणि अख्खं सभागृह गायचं. लीच्या मनात आलं की गर्दीने नंतर येऊन गाण्यात सामील व्हायची वाट कशाला पाहायची, गाणं रचतानाच तिला आत घ्यावी. 'मामा' आणि 'कम ऑन' यांतली ध्रुवपदं त्यानंतरची. ती एका गळ्यासाठी नाहीतच. स्टुडिओत चौघे आणि हाताशी येईल तो, असे मिळून ओरडत, टाळ्या वाजवत, बूट आपटत, आणि चँडलर ते थरावर थर चढवून मुद्रित करी. 'कॉज आय लव्ह यू' त्याआधीचं, ऑक्टोबर १९७१चं. होल्डर आणि लीने ते अर्ध्या तासात रचलं, लीचं व्हायोलिन त्यात स्टेफान ग्रापेलीच्या वळणाने वाजतं, आणि झाल्यावर सगळ्यांना ते फारच गुळमट वाटलं. मग बुटांचे आणि टाळ्यांचे आवाज घातले आणि नावाचं स्पेलिंग ब्लॅक कंट्रीच्या बोलीसारखं वाकडं केलं. शाळामास्तर संतापले, तबकडी चार आठवडे क्रमांक एकवर राहिली, आणि वाकडं स्पेलिंग ही बँडची सहीच झाली. देवनागरीत लिहिताना ही गंमत हातून निसटते, त्याला इलाज नाही.

हे सगळं तंत्र दोन वर्षांत घडलं आणि ते घडताना 'स्लेडेस्ट'वर ऐकू येतं. तीच गोष्ट 'स्लेड?'मध्ये नाही, कारण ती लाँगप्ले तंत्र हाती आल्यानंतरची आहे. 'प्ले इट लाउड'मध्येही नाही, कारण ती त्याआधीची. बँड घडण्याची कथा फक्त या ओढूनताणून भरलेल्या संकलनात आहे. म्हणून ती मूळ कृती.

यावर अल्बमवाल्यांचा एक आक्षेप मला मान्य करावा लागतो. सिंगलचा संदर्भ तो आठवडा असतो. गुरुवारचा टीव्ही, त्या वेळची यादी, मागून येणारं दुसऱ्याचं गाणं, हे सगळं संकलनातून गळून पडतं. १९७२च्या सुरुवातीला खाणकामगारांच्या संपामुळे ब्रिटनमध्ये दिवे जात होते, तेव्हा 'लुक वॉट यू डन' चौथ्या क्रमांकावर होतं. त्या अंधाराची खूण लाँगप्लेवर नाही. खरंच आहे. पण लाँगप्ले तरी हा संदर्भ कुठे जपते? आणि 'स्लेडेस्ट'ला स्वतःचाही एक आठवडा आहे. ती आली सप्टेंबरअखेर. ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेलाची कोंडी केली, तबकड्यांचं प्लास्टिक तेलापासूनच बनत असल्याने त्याचाही तुटवडा पडला, आणि नवं वर्ष उजाडलं ते तीन दिवसांच्या कामाच्या आठवड्यात. ग्लॅमची चैन पुढेही वर्षभर रेंगाळली, पण बिनघोर अशी ती या संकलनापर्यंतच होती.

बँडच्या घरातही तोच सांधा होता. १ जुलै १९७३ला त्यांनी लंडनच्या अर्ल्स कोर्टमध्ये आपला तोवरचा सर्वांत मोठा कार्यक्रम केला. तीन दिवसांनी वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये पॉवेलच्या गाडीला भीषण अपघात झाला. सोबतची त्याची मैत्रीण जागीच गेली. तो कित्येक दिवस बेशुद्ध होता. शुद्धीवर आला तेव्हा वास आणि चव गेली होती आणि जवळची स्मृती टिकेनाशी झाली होती. पुढे मंचावर कोणतं गाणं कसं सुरू होतं हे त्याला सोबत्यांनी आठवून द्यावं लागे. नवी लाँगप्ले फेब्रुवारी १९७४पर्यंत येऊ शकली नाही. मधल्या पोकळीत 'स्लेडेस्ट' आली. बँडची पाच वर्षं एका तबकडीत रचली गेली, त्या वेळी ती पाच वर्षं ड्रम वाजवणाऱ्याला नीट आठवत नव्हती.

'हिट' कुणाचं आणि कुठलं, हाही प्रश्न आहेच. अमेरिकेत 'स्लेडेस्ट' रिप्रीझ कंपनीने वेगळ्या गाण्यांनिशी काढली. तिथे तोवर स्लेडचं एकही गाणं पहिल्या पन्नासात पोचलं नव्हतं, म्हणजे हिट गाणी नसलेल्या देशात हिट गाण्यांचं संकलन. दहा वर्षांनी, १९८३मध्ये, क्वाएट रायट या लॉस एंजेलिसच्या बँडने 'कम ऑन फील द नॉइझ' गायलं आणि ते तिथे पाचव्या क्रमांकावर गेलं. क्वीनचं १९८१चं 'ग्रेटेस्ट हिट्स' तर याहून उघड. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेल्या, तिथेच पहिला बँड उभारलेल्या फ्रेडी मर्क्युरीचा हा बँड ग्लॅमच्याच कुशीत जन्मला. त्या संकलनात देशोदेशी गाणी वेगळी होती, कारण देशोदेशी हिट वेगळी होती. ब्रिटनमध्ये त्याच्या सत्तर लाखांवर प्रती गेल्या. इतका दुसरा कुठलाही अल्बम तिथे खपलेला नाही. शिष्टाचार पाळणाऱ्यांनी ब्रिटिश जनतेची सर्वांत आवडती लाँगप्ले यादीबाहेर ठेवली आहे, हे त्यांच्या लक्षात येत असेल का? पण क्वीनच्या सतरा गाण्यांत एकही पडेल नाही. ती झगझगीत आहे आणि म्हणूनच ती मला शिकवत काही नाही. क्वीन जन्मतःच क्वीन होता असं वाटायला लागतं.

स्लेडच्याही पुढच्या संकलनांचं तसंच झालं. ऑगस्ट १९८०मध्ये रेडिंग महोत्सवात ऑझी ऑस्बोर्न ऐन वेळी येईना, त्याच्या जागी विस्मरणात गेलेल्या स्लेडला उभं केलं आणि त्यांनी मैदान मारलं. लगोलग पॉलिडॉरने 'स्लेड स्मॅशेस!' काढलं. १९९१मध्ये 'वॉल ऑफ हिट्स', १९९७मध्ये 'फील द नॉइझ', मग आणखी. हिट गाण्यांची संख्या वाढली होती, १९७३च्या डिसेंबरचं 'मेरी ख्रिसमस एव्हरीबडी' आलं होतं, दुखावलेल्या पॉवेलला घेऊन न्यूयॉर्कच्या उकाड्यात मुद्रित केलेलं. भरताड घालायची गरज उरली नव्हती. ती सहा पडेल गाणी सरळ गळली. संकलनं चकाचक झाली आणि इतिहास जेत्यांचा झाला.

आता तर संकलकही उरला नाही. फोनवर बँडचं नाव टाकलं की आकडा मोठा ते गाणं वर येतं. डिसेंबरात स्लेडच्या नावाखाली नाताळचं एक गाणं आणि त्याच्या सावलीत बाकी सगळं. २०१४पासून ब्रिटनच्या सिंगल यादीत हे ऑनलाइन ऐकणं धरलं जातं, तेव्हा ते गाणं दरवर्षी यादीत परततं, आणि होल्डर त्याला आपलं निवृत्तिवेतन म्हणतो. या व्यवस्थेची तक्रार करताना बहुतेक जण अल्बमचा जयजयकार करतात. मला वाटतं हरवला तो अल्बम नाही, तो एका टिचकीवर आहेच. हरवला तो पॉलिडॉरच्या कचेरीतला तो कारकुनी माणूस, ज्याला दोन बाजू भरायच्या होत्या आणि ज्याने नाइलाजाने का होईना 'पाउक हिल' आत घेतलं.

त्या नाइलाजाला पैशाचीही बाजू आहे, आणि तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. 'कॉज आय लव्ह यू'नंतर होल्डर आणि ली ही जोडी जमली आणि हिट गाणी त्यांच्या नावावर पडू लागली. तोवर शब्द लिहिण्यात पॉवेलचा वाटा मोठा होता. 'स्लेडेस्ट'च्या चौदा गाण्यांपैकी चार गाण्यांवर रचनाकार म्हणून त्याचं नाव आहे: 'लुक वॉट यू डन', 'वन वे होटेल', 'पाउक हिल' आणि 'नो हू यू आर'. यातलं पहिलं सोडलं तर तिन्ही पडेल. मुद्रित गाण्याच्या रचनेचा मोबदला तबकडीमागे मिळतो, मग ते गाणं तबकडीवर भरताड म्हणून आलेलं असो की मानाने. पडेल गाणी वगळणाऱ्या प्रत्येक पुढच्या संकलनाने पॉवेलला गीतकार म्हणून तीन चतुर्थांश कमी केलं, पैशातही आणि नावातही. स्लेडमध्ये गाणी कोण लिहायचं असं आज कुणाला विचारलं तर उत्तर येतं, होल्डर आणि ली. 'स्लेड स्मॅशेस!'वरून शिकलेल्या माणसाचं हे उत्तर जवळजवळ बरोबर असतं. 'स्लेडेस्ट'ची मधली चकती वाचलेला माणूस तिसरं नावही घेतो.